अल्पमोली मेंदूची बखर

माझा व्यवसाय पोरांना चित्रकला शिकविण्याचा, व्यसन कादंबऱ्या लिहिण्याचे आणि शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मॅट्रिकनंतर चित्रकला-शिक्षकाची पदविका तेवढी पदरात पाडून घेतली. कॉलेजची पायरी चढलो ती व्याख्यान द्यायलाच. अशा माणसाने संगणकाच्या मेंदूचा इतिहास सांगावयास बसावे, हे पाहून एखादा इंजिनियर वाचक दिवाळीची चकली तोंडाशी नेता नेता थांबेल, याची मला पुरेपूर कल्पना आहे. त्याने खुशाल चकली खावी. हा इतिहास मी हौसेने वाचलेला नाही. तो मला वाचावा लागला, आणि तोही बहिणीच्या पंचेचाळीस हजार रुपयांपायी.

आम्ही भाईंदर पश्चिमेला राहतो. ताईचे घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. आमचे दाजी रुळांपलीकडे, पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होते. तीन वर्षांमागे ते गेले. मागे राहिली पतपेढीतली एक मुदत ठेव आणि बारावीला बसलेला मुलगा. २०२५ सालच्या श्रावणात ती ठेव पिकली, आणि त्याच आठवड्यात भाच्याने घोषणा केली, "मामा, मला गेमिंग पीसी बांधायचाय."

बांधायचाय! आमच्या पिढीने घरे बांधली, मुंडावळ्या बांधल्या, फार तर शिदोरी बांधली. संगणक बांधतात हे मला नवे होते. ताईला मात्र त्या शब्दापेक्षा आधीच्या 'गेमिंग' या शब्दाने धसका घेतला. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, मास्तर तू आहेस ना? तूच सांग त्याला. यांचे पैसे आहेत ते. खेळात घालवायचे का?"

भाच्याचे म्हणणे असे, की त्याला खेळ नुसते खेळायचे नाहीत, ते करायला शिकायचे आहेत. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यात आपल्या पुराणांतले देव आणि असुर आहेत, राजस्थानी वाड्यांसारखी दृश्ये आहेत, आणि तो परदेशातही खेळला गेला. "ते पुण्यात बसून करतात, तर मी भाईंदरात बसून का नाही?" या प्रश्नाला चित्रकलेच्या मास्तराजवळ उत्तर नव्हते. मी ताईला म्हटले, "घेऊ देत त्याला. पण मी बरोबर जाईन."

बरोबर जाण्याचा आग्रह धरण्यास कारण होते, आणि ते मी आजवर घरात कुणालाही सांगितलेले नव्हते. २००२ साली, नोकरी लागल्यावर, मी पहिला संगणक घेतला. निमित्त कादंबरी टंकण्याचे होते. खरा मोह वेगळा होता, पण तो संपादकांच्या कानावर जाऊ नये. दुकानदाराने खोक्यावर 'पेंटियम'ची ठसठशीत चकती चिकटवून दिली, गिगाहर्ट्झचा आकडा सांगितला आणि मी खूश होऊन घरी आलो. पुढल्या वर्षी 'व्हाइस सिटी' हा खेळ आला. माझ्या यंत्रावर त्यातली मोटार बैलगाडीसारखी ठेचकाळत चाले. मला वाटे, माझाच हात बसलेला नाही. तीन वर्षांनी शाळेतल्या एका नववीच्या मुलाने खोके उघडून दाखविले: आत पेंटियम नव्हताच, त्याचा स्वस्तातला धाकटा भाऊ सेलेरॉन बसला होता. गिगाहर्ट्झचा आकडा खरा, चकती खोटी. पैसे मात्र थोरल्याचे मोजलेले. दुकान एव्हाना बंद होऊन तेथे फरसाणाचे दुकान निघाले होते. त्या मुलासमोर माझा चेहरा कसा झाला असेल, ते मला अजून आठवते.

तेव्हा या वेळी मी ठरविले, की बाजारात जाण्यापूर्वी या वंशाची कुळकथा समजून घ्यायची. ती वाचू लागलो आणि रात्रीच्या रात्री गेल्या. राजेरजवाड्यांच्या बखरीत असते ते सारे तिच्यात आहे: भाऊबंदकी, तह, फितुरी, दत्तकपत्रे आणि फार मोठ्या प्रमाणावर पैशाची चणचण.

या कुळाचा मूळ पुरुषच मुळी काटकसरीतून जन्मला. १९६९ साली बिझिकॉम नावाची एक जपानी कंपनी आपल्या हिशेबयंत्रासाठी डझनभर निरनिराळ्या चिपा करून मागण्यास कॅलिफोर्नियातील इंटेल या कंपनीकडे गेली. इंटेल तेव्हा अवघ्या वर्षाची होती. एवढ्या चिपा आखायला माणसे आणणार कोठून? टेड हॉफ नावाच्या इंजिनियराने म्हटले, प्रत्येक कामाला वेगळी चिप कशाला? कोणतेही काम सांगितल्यास करील अशी एकच चिप करू, काय करायचे ते तिला बाहेरून सांगू. स्टॅन मेझर, जपानहून आलेले मासातोशी शिमा आणि इटालियन इंजिनियर फेदेरिको फॅजिन यांच्या हातून ती साकारली, आणि १९७१ च्या नोव्हेंबरात ४००४ या नावाने बाजारात आली. हक्क होते बिझिकॉमचे. इंटेलने साठ हजार डॉलर परत देऊन ते सोडवून घेतले. इतका स्वस्त सौदा इतिहासात थोडाच झाला असेल.

या चिपेत सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. हा आकडा वाचून मला कुलाब्याची आठवण झाली. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कामाला लागला होता. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओत तांबूस उजळायचे, तसले. त्यासाठी दालन लागे, थंड हवा लागे. त्याचे नाव पंडित नेहरूंनी ठेवले. आणि अकरा वर्षांत साधारण तेवढ्याच संख्येचे ट्रान्झिस्टर करंगळीच्या नखावर मावू लागले! बुद्धीचा प्रश्न नव्हता, बुद्धी आपल्याकडेही होती. ती नखाएवढी करून हजारांनी छापण्याचा कारखाना आपल्याकडे नव्हता. पुढे पवईच्या आय.आय.टी.त 'अजित' नावाचा प्रोसेसर तयार झाला, याचे मला मोठे अप्रूप आहे. परंतु भाच्याच्या यादीत त्याचे नाव येण्याला अजून अवकाश आहे.

खेळाच्या दृष्टीने खरा कुलपुरुष मात्र वेगळाच. १९७५ साली चिपांच्या किमती शेकडो डॉलरांत होत्या. इंटेलच्या ८०८० ची जाहीर किंमत ३६० डॉलर होती. मोटोरोला कंपनीतून बाहेर पडलेल्या चक पेडल यांनी सहकाऱ्यांसह पेनसिल्व्हेनियातील एका छोट्या कंपनीत ६५०२ नावाची चिप केली आणि तिची किंमत लावली पंचवीस डॉलर. सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात मालाची विक्री करण्यास बंदी होती. तेव्हा या मंडळींनी जवळच्या हॉटेलात खोली घेतली आणि काचेच्या बरणीत चिपा भरून ठेवल्या, वाण्याच्या दुकानात लिमलेटच्या गोळ्या ठेवाव्यात तशा. सांगतात, की बरणीच्या तळाच्या चिपा चालतच नव्हत्या. बरणी भरलेली दिसावी म्हणून घातल्या होत्या, चालणाऱ्या तेवढ्या वर. लक्ष्मीपूजनाला पाटावर नाण्यांची रास मोठी दिसावी म्हणून खाली तांदूळ घालणाऱ्या आपल्या आज्यांना ही युक्ती सांगावी लागली नसती.

या पंचविशीच्या चिपेवर स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी पहिला ॲपल संगणक केला. तिचीच एक कापलेली आवृत्ती अटारीच्या १९७७ च्या खेळयंत्रात बसली, आणि तिचाच एक वंशज जपानी निन्टेंडोच्या यंत्रात. त्या यंत्राच्या नकला मग आपल्याकडे आल्या. माझ्या लहानपणी शेजारच्या गुजराती कुटुंबाकडे दूरदर्शन संचाला जोडायचा व्हिडिओ गेम होता, आणि सुट्टीत आम्ही दहा-बारा पोरे त्यांच्या ओटीवर रांग लावून मिशाळ मारिओला उड्या मारायला लावत असू. त्या पिवळ्या कॅसेटीमागे बरणीतल्या चिपेचे रक्त होते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

आता खुद्द पीसी. याची गोष्ट तर 'बजेट' पाहणाऱ्या प्रत्येक बापाने वाचावी. इंटेलने १९७८ साली ८०८६ काढला आणि वर्षभराने त्याचाच ८०८८ हा धाकटा. आतून दोघे सारखेच. पण धाकट्याची बाहेर जाण्याची वाट अर्ध्या रुंदीची. त्यामुळे त्याच्याभोवतीचे इतर भाग जुने, स्वस्त वापरता येत. आय.बी.एम.च्या फ्लोरिडातील एका लहान तुकडीला वर्षभरात संगणक उभा करायचा होता. तिने निवड केली ती या धाकट्याची. १२ ऑगस्ट १९८१ रोजी तो पीसी बाहेर पडला आणि आज जगात जे गेमिंग पीसी म्हणून मिरवतात ते बहुतेक सारे त्याच्या पोटचे आहेत. एवंच, या घराण्याचा पाया ज्या दिवशी घातला गेला त्या दिवशीही कुणी तरी दुकानात उभे राहून, "याच्यापेक्षा जरा स्वस्तातला दाखवा," असेच म्हणत होते.

आय.बी.एम.ची आणखी एक अट होती. एकाच कंपनीवर विसंबायचे नाही; माल देणारी दुसरी कंपनी हवी. म्हणून १९८२ साली इंटेलने एएमडी या कंपनीशी करार केला. दोन्ही घराणी एकाच वाड्यातून फुटलेली. इंटेलचे नॉइस आणि मूर, एएमडीचे जेरी सँडर्स, सारे फेअरचाइल्ड या एका कंपनीतले. करार झाला, आणि पुढे भाऊबंदकीत जे व्हायचे तेच झाले. ३८६ ची आखणी देण्याचे इंटेलने नाकारले, एएमडीने १९९१ साली स्वतःच ३८६ सारखी चिप काढली, आणि कोर्टकचेऱ्या १९९५ पर्यंत चालल्या. त्या भांडणात आकड्यावर कुणाची मालकी नसते असे न्यायालयाने म्हटल्यामुळे इंटेलने १९९३ च्या चिपेला ५८६ न म्हणता नावच ठेवले, 'पेंटियम'. माझ्या खोक्यावरची चकती ती हीच.

येथे या बखरीत एक पुणेकर येतो. विनोद धाम यांचा जन्म १९५० साली पुण्यातला, घराणे फाळणीने उठून आलेले पंजाबी. दिल्लीत इंजिनियर होऊन ते अमेरिकेत गेले, १९७९ साली इंटेलमध्ये लागले आणि पेंटियम घडविण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. 'पेंटियमचे जनक' हे बिरुद त्यांना तेव्हापासून चिकटले. येथवरची गोष्ट वर्तमानपत्रांत येते. तिचा उत्तरार्ध मला अधिक रसाळ वाटतो. १९९५ साली ते इंटेल सोडून नेक्सजेन या लहानशा कंपनीत गेले, ती कंपनी लवकरच एएमडीने विकत घेतली आणि नेक्सजेनच्या आखणीवर १९९७ साली के-६ हा प्रोसेसर निघाला. तो पेंटियमच्याच मदरबोर्डावर बसे आणि किमतीने कमी असे. म्हणजे ज्याने पेंटियम वाढविला, त्यानेच त्याला बाजारात प्रतिस्पर्धी उभा केला! राघोबादादांची उपमा मनात आली होती. पण दादांनी कुणाचा फायदा केला हे सांगणे कठीण, आणि धामांच्या या जाण्याने तुमच्या-आमच्यासारख्या अल्प उत्पन्नवाल्यांचा नक्कीच झाला. भारत सरकारने २०२५ साली त्यांना पद्मभूषण दिले.

के-६ मुळे हजार डॉलरांच्या आतले संगणक खपू लागले, तेव्हा इंटेलला जाग आली आणि १९९८ च्या एप्रिलात सेलेरॉन जन्मला. आमचा सेलेरॉन! त्याच्या जन्माची हकीगत जरा सविस्तर सांगितली पाहिजे. प्रोसेसरजवळ 'कॅश' नावाचा लहानसा साठा असतो. गृहिणींना हे एका क्षणात समजेल. फोडणी देताना मोहरी, हळद, हिंग हाताशी मिसळणाच्या डब्यात असतात. तो डबा नसेल तर प्रत्येक चिमटीसाठी कोठीच्या खोलीत फेरी. पहिल्या सेलेरॉनला त्यातला मोठा डबाच दिलेला नव्हता. स्वयंपाकीण चपळ, पण सारा दिवस कोठीच्या फेऱ्यांत. लोकांनी नावे ठेवली. म्हणून ऑगस्टात सेलेरॉन ३००ए निघाला. याला डबा दिला, थोरल्याच्या डब्याच्या चौथाईचा, पण थेट चुलीशेजारी. आणि मग इंटेलच्या मनात नव्हते ते घडले. तीनशे मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर मदरबोर्डाचा वेग ६६ वरून १०० केला, की साडेचारशेवर चाले. खेळ खेळणाऱ्या पोरांनी जगभर हा चाळा केला, आणि साडेचारशेच्या पेंटियम-टूशी, जो कितीतरी महाग होता, हा स्वस्तातला बरोबरीने धावू लागला. 'कमी पैशांत गेमिंग' हा आज जो एक पंथच झाला आहे, त्याला लोकमान्यता मिळाली ती येथे.

या साऱ्यातली सर्वांत चमत्कारिक हकीगत मात्र १९९१ ची. इंटेलने ४८६ चा एसएक्स नावाचा स्वस्त अवतार काढला. त्यात गणिताचा भाग नव्हता. वस्तुतः आरंभीच्या चिपांत तो होता. मुद्दाम बंद करून टाकलेला होता! आणि पुढे कुणाला गणित हवे झाले, तर ४८७एसएक्स नावाची जोडचिप विकत घ्यायची. ती चिप म्हणजे जवळजवळ पूर्णच ४८६. ती बसविली की पहिलीला झोपवून सारे काम आपणच करी. ग्राहकाला वाटे, आपण पुरवणी घेतली.

हे वाचून मी संतापलो होतो. पण पुढे चिपा कशा होतात ते वाचले तेव्हा राग थोडा निवळला. आमच्या भाईंदरच्या मिठागरांवर लहानपणी मी पुष्कळ हिंडलो आहे. एकाच खाडीचे पाणी, एकच ऊन, तरी वरचे मीठ पांढरे निघते, तळाचे मातकट. आगरी माणूस ढीग वेगळे करतो आणि मातकट मीठही फेकून देत नाही, त्यालाही गिऱ्हाईक असते. सिलिकनच्या एका तबकडीवर शेकडो चिपा कोरतात. एखादा कण पडतो, एखादी रेघ बिघडते. जिचा एखादा कोअर, म्हणजे कामाचा एक हात, अधू निघाला, तिचा तो हात बंद करून धाकट्या नावाने विकतात. चित्रे काढणारा भाग बिघडला तर तो बंद करून. कधी कधी पांढऱ्या मिठाची मागणी कमी पडते, मग चांगले मीठही मातकटाच्या गोणीत भरतात. २००९ च्या सुमारास एएमडीच्या दोन हातांच्या काही फेनम चिपांचे झाकलेले दोन हात हिकमती पोरांनी जागे केले होते, ते याच गोणीतले.

मधल्या वीस वर्षांची हकीगत मी येथे उरकतो. एएमडी चढली, पडली, २०१७ साली रायझन घेऊन पुन्हा उठली. त्याच वर्षी इंटेलच्या पेंटियम जी-४५६० ने दोन हातांवर चौघांचे काम करून गरिबांची दुवा घेतली. भाऊबंद भांडतात तेव्हा आपल्याला दोन घास बरे मिळतात, आणि त्यांच्यात शांतता झाली की भाव चढतात, एवढेच मी त्यातून घेतले.

एवढी शिदोरी बांधून एका रविवारी आम्ही तिघे निघालो. ताईही आली, पैसे तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होते. विरारची गाडी भाईंदरला भरून येते, त्यामुळे बसण्याची आशा कुणी करीत नाही. मुंबई सेंट्रलला उतरून लॅमिंग्टन रोडला लागलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेले आहे, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या जिभेवरून हटायला तयार नाहीत. रेडिओचे सुटे भाग येथे मिळत, मग टीव्हीचे, मग संगणकाचे. बोळातून डोक्यावर खोकी घेतलेले हमाल जात होते आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी "क्या चाहिए, भाई?" म्हणत होता.

एका दुकानात, नाव सांगत नाही, मालकाने ताईला नेमके हेरले. "बहनजी, आय-फाइव्ह देतो. गेमिंगवाला. सगळे धरून पंचवीसमध्ये." वीस हजार वाचतात म्हटल्यावर ताईचे डोळे चमकले. खोके लाल-निळ्या दिव्यांनी झगमगत होते. माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या काचेवर एक चकती चिकटवलेली होती.

मी विचारले, "आय-फाइव्ह कोणता?"

"आय-फाइव्ह म्हणजे आय-फाइव्ह, सर."

भाचा खाली वाकला, पडद्यावर दोन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि शांतपणे म्हणाला, "मामा, ३४७०. तिसरी पिढी. २०१२ चा."

हे आकडे वाचण्याची रीत सोपी आहे, आणि ती कळली की निम्मा बाजार कळला. इंटेलच्या त्या रांगेत चार आकडे असतील तर पहिला आकडा पिढीचा. पाच असतील तर पहिले दोन. ३४७० तिसऱ्या पिढीचा, १२१०० बाराव्या. तीन, पाच, सात ही घरातली मानाची पाने. ती त्या त्या पिढीपुरतीच. बाराव्या पिढीचा धाकटा आय-३ तिसऱ्या पिढीच्या मधल्या आय-५ ला सहज मागे टाकतो; दोघांना हात चारच, पण धाकट्याचा प्रत्येक हात दोन धागे सांभाळतो आणि तो दहा वर्षे नव्या तालमीत तयार झालेला. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि विंडोज ११ ला तिसरी पिढी अधिकृतपणे चालत नाही. शेवटचे अक्षरही पाहावे. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल तर चित्रे काढणारा भाग त्यात नाही, वेगळे ग्राफिक्स कार्ड घेणे भाग आहे. एएमडीच्या नावापुढे 'जी' असेल तर तो भाग आत आहे, आणि कार्डाला पैसे नसतील तर काही दिवस त्यावर निभावता येते.

आम्ही पायऱ्या उतरलो. ताई म्हणाली, "त्यानं खोटं तर नाही ना सांगितलं?" नव्हते सांगितले. आय-फाइव्ह होताच तो. मला माझी चकती आठवली आणि प्रथमच मी ती गोष्ट या दोघांना सांगितली, रस्त्यातच, उसाच्या रसाच्या गाडीशी उभे राहून. भाचा हसला नाही. "म्हणून तू व्हाइस सिटी सोडलास होय?" एवढेच म्हणाला.

पुढच्या दुकानात खरा वाद झाला, तो आमच्या दोघांत. पुढे दोन प्रोसेसर होते: इंटेलचा आय-३ १२१००एफ, चार हातांचा, आठ धाग्यांचा, आणि एएमडीचा रायझन ५ ५६००, सहा हातांचा, बारा धाग्यांचा. किमतीत दोन-अडीच हजारांचे अंतर. दोघेही २०२२ सालचे. मला वाटले होते मुलगा महागडा मागेल आणि मी त्याला आवरीन. झाले उलटेच. मीच म्हणत होतो, "मोठा घे, पैसे मी घालतो," कारण माझ्या मनात ती जुनी ठेच होती. तो म्हणत होता, "मामा, पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. खेळातलं चित्र मुख्यतः ग्राफिक्स कार्ड काढतं. प्रोसेसर मोठा घेऊन कार्ड बारकं घेतलं, तर राजवाड्याला पत्र्याचं दार." आणि हे शंभर टक्के खरे आहे. आमच्यासारख्यांच्या अंदाजपत्रकात कार्ड हीच सर्वांत मोठी रक्कम. प्रोसेसरचे काम कार्डाला तिष्ठत न ठेवण्याचे. मित्रांबरोबर खेळण्याच्या 'व्हॅलोरंट'सारख्या हलक्या खेळांत प्रोसेसरवर भार जास्त पडतो, पण त्यांना हा आय-३ सुद्धा पुरून उरतो.

ताई इतका वेळ गप्प होती. तिने दुकानातल्या मुलाला विचारले, "हा खेळ करायला शिकणार म्हणतो. त्याला कुठला लागेल?"

मुलाने सांगितले, की नुसते खेळायचे तर आय-३ भरपूर झाला. पण ब्लेंडरसारख्या साधनात प्रोसेसरला आकृत्या रंगवायला लावल्या, किंवा मोठा खेळ जुळवायला घेतला, तर जितके हात अधिक तितके काम लवकर. तेथे सहा आणि चार यांत फरक पडतो. ग्राफिक्स कार्ड पुढे बदलता येईल, आणि ५६०० च्या मदरबोर्डावर आठ हातांचा प्रोसेसरही कधी बसवता येईल. ते बैठकीचे खाचे जुने झाले आहे, यापुढे नवी पिढी त्यात येणार नाही, हेही त्याने आपण होऊन सांगितले. त्याच्या या शेवटच्या वाक्यावर मी त्या दुकानाला मनातल्या मनात दहापैकी नऊ गुण दिले.

"मग तो सहावाला," ताई म्हणाली. "आणि अडीच हजार यातनंच काढा."

कशातून काढायचे? यादी पुन्हा लिहिली. वीजपुरवठ्याच्या डब्यात कपात करायची नाही, यावर दुकानातला मुलगा आणि भाचा दोघांचे एकमत. स्वस्तातला पॉवर सप्लाय जळताना सोबत्यांना घेऊन जातो. रॅम सोळा जीबीच हवी, आणि दोन पट्ट्यांत, म्हणजे दोन्ही वाटा वापरल्या जातात. राहिले कॅबिनेट. भाच्याने निवडलेल्या कॅबिनेटात चार पंखे होते आणि चारांत इंद्रधनुष्यी दिवे. तो एक क्षण त्याकडे पाहत राहिला. मग त्यानेच बोट दुसरीकडे नेले, साधे काळे, जाळीचे, बिनदिव्यांचे. ताई त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "दिवाळीत कंदील लावतोच की आपण."

पावती घेतली. प्रोसेसरचे खोके सीलबंद आहे की नाही ते मी दोनदा पाहिले. खोक्यावरचा अनुक्रमांक पावतीवर लिहून घेतला. वॉरंटी तीन वर्षांची, पण क्रमांकाशिवाय तिला अर्थ नाही. परतीच्या गाडीत भाच्याने ते खोके मांडीवर धरले होते, आणि ताईने तिसऱ्या सीटवर सरकून मला चौथी दिली.

रविवारी रात्री बांधकाम झाले. 'बांधणे' हा शब्द मला आता खटकत नाही. चिमूटभर राखाडी लेप, त्यावर पंखा, नखाएवढा बाण खाचेच्या बाणाशी जुळवायचा. मी बॅटरी धरून उभा होतो. जो तुकडा आम्ही बसविला, त्यावर मुळात आठ हात कोरलेले असतात. दोन बंद करून तो सहाचा म्हणून विकतात. ते दोन आजारी होते, की धडधाकट असून गोणीत भरले गेले, हे आम्हाला कधीच कळणार नाही. भाच्याने पहिला खेळ लावला तो 'राजी'. ताई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. पडद्यावर एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधत वाड्याच्या गच्चीवरून उड्या मारीत निघाली, न ठेचकाळता.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून २००२ चे खोके काढले. सेलेरॉन उपटून घेतला, पुसला आणि भाच्याला दिला. चकती मात्र खोक्यावरून निघेना. तेवीस वर्षांत डिंक पक्का बसला होता. भाचा म्हणाला, "राहू दे मामा, खाली घरच्या पत्त्याची पाटी लावू." आता ते खोके ताईच्या दाराशी चपलांच्या फडताळाशेजारी उभे आहे, त्यात दूधवाल्याच्या पिशव्या राहतात.